बिघाड सांगणारी घंटा



आगीची घंटा वाजली म्हणजे काय करावे, ह्याविषयी आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. लिफ्ट वापरू नये, जिन्याने उतरावे, धूर असेल तर वाकून चालावे, १०१ ला फोन करावा, ह्या गोष्टी आता शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. मला आज बोलावयाचे आहे ते निराळ्याच प्रसंगाविषयी. आग लागलेली नाही. परंतु आग लागली तर जी घंटा वाजावयाची, तीच आजारी आहे. अशा वेळी तिने काय करावे? कोणाला सांगावे? किती वेळात सांगावे? आणि सांगूनही कोणी ऐकले नाही तर पुढे काय? विषय वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु ह्यातले निम्मे प्रश्न विजेचे नाहीतच. ते घरात राहणाऱ्या माणसांचे आहेत, आणि त्यांची उत्तरे माणसांनी आधी दिल्यावाचून यंत्राला देता येत नाहीत. एवढीच एक गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे.

ती आपल्याच गावात मांडावी, ह्यालाही कारण आहे. मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे ह्यांचा हा मुलूख. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती आठ लाखांच्यावर मोजली गेली. जमीन तेवढीच आणि माणसे वाढती, तेव्हा घरे उंच झाली. चाळीत शेजारच्या खोलीत काही जळले तर वासाने कळे, आणि एका हाकेत सारा मजला बाहेर येई. पण तळमजल्यावरच्या मीटरखोलीत धूर झाला, तर विसाव्या मजल्यावर झोपलेल्या आजींना तो कळणार कसा? हाक तेथवर पोचत नाही. म्हणून हाकेचे काम तारेवर सोपवावे लागले. अशा इमारतीच्या तळमजल्यावर, बहुधा वॉचमनच्या टेबलामागे, भिंतीवर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यावर लहान दिवे, एक छोटा पडदा आणि काही बटणे असतात. हेच ते आगीच्या सूचनेचे पॅनेल. मजल्या-मजल्यांवरचे धुराचे डिटेक्टर, काच फोडून दाबावयाच्या लाल पेट्या आणि कर्कश ओरडणारे हूटर हे सारे तारांनी ह्या पेटीशी जोडलेले असतात.

हे पॅनेल तीन निरनिराळ्या गोष्टी सांगू शकते. पहिली गोष्ट आगीची. लाल दिवा लागतो, हूटर वाजतात, माणसांनी बाहेर पडावयाचे असते. दुसरी गोष्ट देखरेखीची. आग नाही, यंत्रणाही शाबूत आहे. पण आग विझविण्याच्या साधनांत कोणी काही ढवळाढवळ केली आहे. पाण्याची झडप कोणी बंद केली, टाकीतले पाणी उतरले, किंवा पंपाचा स्विच 'ऑटो'वरून काढून 'बंद'वर ठेवला, ह्या गोष्टी ह्या वर्गात येतात. तिसरी गोष्ट बिघाडाची. येथे पॅनेल स्वतःविषयीच बोलते: माझी तार तुटली आहे, माझा एक डिटेक्टर उत्तर देत नाही, माझी बॅटरी खालावली आहे. त्यासाठी पिवळा दिवा असतो आणि पेटीतलाच एक बारीक बझर कुंई-कुंई करीत राहतो. लाल दिव्याला सारे भितात. पिवळ्याला कोणी भीत नाही. सारे दुखणे येथूनच सुरू होते.

आपण आजारी आहोत हे यंत्राला कळते कसे, हे आधी पाहू. जुन्या काळी गावात रात्रीची गस्त असे. गस्तवाला तासातासाला ठोका देत जाई. लोक ठोका ऐकत आणि निर्धास्त झोपत. ठोक्याचा अर्थ 'चोर आला' असा नव्हता. 'मी जागा आहे' असा होता. ज्या रात्री ठोका पडला नाही, त्या रात्री घरातली शहाणी माणसे उठून बसत. म्हणजे संकटाची बातमी आवाजाने जशी कळते, तशीच ठरलेला आवाज थांबल्यानेही कळते. पॅनेलची सारी युक्ती ह्या एका गोष्टीत आहे. त्याच्या तारा आग नसताना रिकाम्या पडून राहात नाहीत. त्यांतून सदैव अगदी मंद प्रवाह फिरत असतो, आणि तो प्रवाह म्हणजेच गस्तवाल्याचा ठोका.

साध्या जातीच्या पॅनेलात हे कसे साधतात, पाहा. पेटीतून दोन तारा निघतात आणि एकेका डिटेक्टरला स्पर्श करीत मजल्याच्या शेवटापर्यंत जातात. शेवटच्या डिटेक्टरपाशी त्या दोन तारांमध्ये एक चिमुकला रोधक बसवितात. त्यातून ठराविक, थोडा प्रवाह जाऊ शकतो. प्रवाह जोवर नेमका तेवढा आहे, तोवर पॅनेल समजते की तार शेवटपर्यंत धड आहे. डिटेक्टरला धूर लागला म्हणजे तो जास्त प्रवाह ओढतो. पॅनेल म्हणते, आग. तार कोठे तुटली तर प्रवाह शून्यावर येतो. पॅनेल म्हणते, बिघाड. एवढ्याशा रोधकाने केवढे काम केले! पण तो टोकालाच असला पाहिजे. घाईत काम उरकणारा एखादा कारागीर शेवटच्या डिटेक्टरपर्यंत जाण्याचा त्रास टाळतो आणि तो रोधक पेटीतच बसवून मोकळा होतो. मग पॅनेल केवळ आपल्या पेटीतल्या वीतभर तारेवर पहारा करते. बाहेरची सारी तार उंदरांनी खाल्ली तरी हिरवा दिवा सुखाने तेवत राहतो. गस्तवाला चावडीतच बसून ठोके देत आहे, आणि गाव समजते आहे की गस्त चालू आहे!

नव्या जातीच्या पॅनेलात प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. पॅनेल शाळेतल्या मास्तरांसारखी सारखी हजेरी घेत असते. ज्याने 'हजर' म्हटले नाही, त्याच्या नावापुढे खूण होते आणि पिवळा दिवा लागतो. डिटेक्टरमध्ये धूळ साठू लागली तर तेही पुष्कळ पॅनेलांना कळते, आणि 'साफ करा' अशी सूचना पडद्यावर येते. बिघाड किती वेळात जाहीर व्हावा, ह्याचेही नियम आहेत. युरोपातल्या 'ई.एन. ५४' ह्या मानकाप्रमाणे तो १०० सेकंदांच्या आत पॅनेलवर दिसला पाहिजे, अमेरिकेतल्या 'एन.एफ.पी.ए. ७२' प्रमाणे २०० सेकंदांच्या आत. आपल्याकडे अशा यंत्रणेची निवड, बांधणी आणि देखभाल ह्यांसाठी 'आय.एस. २१८९' हे भारतीय मानक आहे.

येथे कोणी शंका काढील, की जरा संशय आला की सरळ आगीचीच घंटा का वाजवू नये? सावधगिरी तर तीच. शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर आपल्या रोजच्या लोकलगाडीत आहे. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन शोधकाने १८७२ साली रेल्वेसाठी अशी योजना काढली, की रुळांतूनच मंद प्रवाह अखंड वाहावा आणि त्याच्या जोरावर सिग्नल मोकळा राहावा. गाडी आली, रूळ तुटला, तार निसटली किंवा बॅटरी संपली, तर कोणत्याही कारणाने प्रवाह खंडताच सिग्नल धोका दाखवितो. संशय आला की थांबा, हा रेल्वेचा धर्म. गाडी थांबल्याने माणसे चिडतात, उशीर होतो. पण कोणी मरत नाही, आणि पुढचा लाल सिग्नल मोटरमन पुन्हा तितक्याच निष्ठेने पाळतो. इमारतीचे तसे नाही. एक तार सैल झाली म्हणून रात्री दोन वाजता वीस मजल्यांची माणसे, बाळंतिणी आणि हृदयविकाराचे रोगी ह्यांच्यासह, जिन्याने खाली आणली. महिन्याने पुन्हा आणली. मग तिसऱ्या वेळी कोण उतरेल? लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. म्हणून बिघाडाला स्वतःची निराळी वाणी द्यावी लागली. ती आगीइतकी मोठी नसावी, पण ऐकूच येणार नाही इतकी लहानही नसावी. किती मोठी, कोणाच्या कानाशी आणि केव्हा, हे ठरविणे म्हणजेच बिघाडाच्या प्रतिसादाचे प्रोग्रॅमिंग.

'प्रोग्रॅमिंग' ह्या शब्दाला बिचकण्याचे कारण नाही. घरधनी गावाला जाताना गड्याला सांगून जातो: पाऊस आला तर धान्य आत घे, गाय व्याली तर वैद्याला बोलाव, नळ गळू लागला तर बादली ठेव आणि मला पत्र टाक. 'असे झाले तर असे कर', ह्या आगाऊ दिलेल्या आज्ञांची यादी, एवढाच त्याचा अर्थ. पॅनेल कारखान्यातून येते तेव्हा सर्व बिघाडांना सरसकट एकच आज्ञा दिलेली असते: पिवळा दिवा लाव, बझर वाजव, पडद्यावर लिही, नोंदवहीत टिपून ठेव. बाकीचे, म्हणजे कोणत्या बिघाडाला कोणती तार हलवावी, बाहेर कोणाला कळवावे, लगेच की थांबून, हे ती इमारत पाहून भरावयाचे असते. पुष्कळ ठिकाणी ते कधी भरलेच जात नाही. गड्याला घरी ठेवले, पण काही न सांगताच धनी निघून गेला, अशी ही स्थिती.

आता काही बिघाड एकेक करून पाहू, म्हणजे ह्या आज्ञांमागचा विचार ध्यानात येईल.

पहिला, वीज जाणे. पॅनेलमध्ये सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि वीज नसता त्यांनी पॅनेल २४ तास तरी जागे ठेवावे अशी अपेक्षा असते. तेव्हा वीज गेली की पेटीवर पिवळा दिवा लगेच लागावा, हे ठीक. पण त्याच क्षणी सेक्रेटरीपासून देखभालीच्या कंपनीपर्यंत सर्वांचे फोन खणखणावेत काय? एका फीडरवर बिघाड झाला की साऱ्या परिसरातली वीज जाते. त्या वेळी शेकडो पॅनेले एकदम ओरडू लागली, तर ज्या एका इमारतीत खरा घोटाळा आहे तिचा आवाज त्या गलबल्यात बुडेल. म्हणून अमेरिकन नियमात वीज गेल्याची बातमी बाहेरच्या केंद्राला एक ते तीन तास थांबून पाठविण्याची रीत आहे. थोड्याच वेळात वीज आली तर कोणाला हाक मारण्याचे कारण नाही. नाही आली तर बॅटरी संपण्याआधी माणूस पोचण्यास पुष्कळ अवधी उरतो. येथे उशीर म्हणजे आळस नव्हे. तो हिशेबाने ठेवलेला आहे.

दुसरा, बॅटरीचा. येथे उशीर चालत नाही. कारण बॅटरी गेलेली असली तर पुढची वीज जाईल त्या क्षणी पॅनेल मरेल. शिवाय हा रोग लपून राहणारा आहे. जुनी बॅटरी चार्जरला जोडलेली असते तोवर तिचा व्होल्टेज चांगला दिसतो. भार पडला की ती एकदम बसते. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि आपल्याकडे पॅनेलची जागा पुष्कळदा कोंदट जिन्याखाली असते. म्हणून खरी परीक्षा एकच: माहीतगार माणसाच्या देखत मुख्य वीज काढावी, हूटर वाजवावेत, आणि बॅटरी तग धरते की नाही ते पाहावे.

तिसरा, 'अर्थ फॉल्ट'. तारेचे आवरण कोठे तरी फाटते आणि ती भिंतीच्या ओलीला किंवा पाइपाच्या लोखंडाला टेकते. आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा बिघाड पाहुण्यासारखा येतो आणि जातो. सकाळी पाऊस पडला की पिवळा दिवा, दुपारी ऊन पडले की हिरवा. बिघाड दूर होताच दिवा आपोआप विझावा, अशी आज्ञा बहुतेक पॅनेलांत असते. म्हणून कारागीर येतो तेव्हा सारे सुरळीत असते आणि तो 'काही नाही' म्हणून जातो. वस्तुतः अशी एक गळती असताना यंत्रणा बहुधा चालत राहते. दुसरी गळती झाली की घोटाळा होतो. म्हणून येथे कामाची आज्ञा अशी, की दिवा विझला तरी तारीख-वेळेसह नोंद राहावी, आणि ती नोंद कोणी तरी वाचावी. पावसाच्या तारखा आणि बिघाडाच्या तारखा शेजारी-शेजारी मांडल्या, की ओल कोठे आहे हे शोधणे सोपे जाते.

चौथा, हूटरच्या तारेचा. माझ्या मते हा सर्वांत घातकी, कारण येथे यंत्राचे कान शाबूत असतात आणि जीभ तुटलेली असते. आग लागली तर खाली लाल दिवा लागेल. वरच्या मजल्यांना काहीच ऐकू येणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका गृहसंकुलात गेलो होतो. नाव सांगत नाही. आपल्यापैकी कोणाचेही असू शकेल. बझरच्या भोकांवर चिकटपट्टीचे तीन थर लावलेले होते. मी वॉचमनला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, रात्रभर कुंई-कुंई करतो, बसू देत नाही. बाकी मशीन अगदी ठीक आहे." केव्हापासून? "मी कामाला लागलो तेव्हापासून." पेटीतली नोंद पाहिली. लॉबीचे छत नवे करताना वरच्या मजल्यांकडे जाणारी हूटरची तार कापली गेली होती. यंत्र ही एकच गोष्ट महिनोन्‌महिने सांगत होते. ज्याला ऐकू येत होते त्याला अर्थ माहीत नव्हता, आणि ज्यांना अर्थ कळला असता त्यांच्यापर्यंत आवाज पोचतच नव्हता. मी त्या वॉचमनला दोष देत नाही. आठ-आठ, बारा-बारा तास ज्याच्या कानाशी आवाज चालू आहे आणि तो थांबविण्याचा अधिकार ज्याला कोणी दिला नाही, तो दुसरे काय करणार?

ह्यावरून प्रोग्रॅमिंगचा सर्वांत मोठा धडा निघतो. 'ऐकले' आणि 'दुरुस्त केले' ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, आणि पॅनेलने त्या निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. वॉचमनने बटण दाबले की बझर गप्प व्हावा, हे माणुसकीचे आहे. पण पिवळा दिवा विझता कामा नये. दुसरा नवा बिघाड झाला तर बझर पुन्हा वाजला पाहिजे. आणि पहिलाच बिघाड तसाच राहिला, तर २४ तासांच्या आत बझरने पुन्हा आठवण दिली पाहिजे. अमेरिकन मानकात हा नियम आहेच. आपल्याकडेही पॅनेलमध्ये ती सोय असेल तर चालू करून घ्यावी. ज्याला त्रास होतो आणि ज्याच्या हाती उपाय आहे, ती दोन माणसे निराळी असतील, तर बातमी उपायवाल्याकडे गेली पाहिजे. म्हणजे बारा तास बिघाड टिकला तर फोनवर संदेश सेक्रेटरीला आणि देखभालीच्या कंपनीला जावा.

मात्र येथेही पाहा कशी गंमत होते. संदेश ज्या क्रमांकाला जावयाचा, तो पॅनेलच्या पोटात लिहिलेला असतो. निवडणूक होते, कार्यकारिणी बदलते, जुने सेक्रेटरी घर विकून दुसरीकडे राहावयास जातात. पण पॅनेलला हे कोणी कळवीत नाही. ते इमानेइतबारे त्या गृहस्थांनाच संदेश पाठवीत राहते. किंवा संदेश पाठविणाऱ्या यंत्रातल्या सिमकार्डाचे पैसे संपलेले असतात. म्हणून संदेशाचा मार्ग बंद पडणे हाही एक बिघाड मानून त्याचा दिवा पेटीवर लागला पाहिजे, आणि कार्यकारिणीने कारभार हाती घेताना किल्ल्या व दप्तर घेतात तसेच हे क्रमांकही बदलून घेतले पाहिजेत.

पडद्यावरच्या शब्दांचेही तसेच. '१०४७ : उत्तर नाही' असा मजकूर वाचून वॉचमनने काय करावे? 'बी विंग, नववा मजला, लिफ्टसमोर, डिटेक्टर उत्तर देत नाही' असे लिहिले असेल तर तो उठून पाहू तरी शकेल. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसचे नोत्र दाम मंदिर जळाले, तेव्हा डिटेक्टरने आपले काम चोख केले होते. पण पॅनेलवरच्या सूचनेचा अर्थ लावण्यात घोटाळा झाला. रखवालदार मुख्य इमारतीच्या छपराऐवजी लगतच्या लहान इमारतीच्या छपरात शोधून आला, आणि खरी जागा सापडेपर्यंत सुमारे अर्धा तास निघून गेला होता. आठशे वर्षांच्या लाकडाला तेवढा वेळ पुरे झाला. आगीच्या सूचनेत जर असे होते, तर बिघाडाच्या सूचनेत काय होत असेल!

पाचवा बिघाड माणसाने जाणूनबुजून केलेला. रंगकाम चालू आहे, लॉबीत होम आहे, डासांसाठी धुराची फवारणी होणार आहे. तेव्हा डिटेक्टर खोटी हाक मारू नये म्हणून तेवढा भाग बंद ठेवतात. त्यात गैर काही नाही. गैर हे, की होम संपतो, पाहुणे जेवून जातात, आणि डिटेक्टर बंदच राहतो. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' नावाच्या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट होऊन ११ माणसे गेली. त्यानंतरच्या चौकशीत तेथल्या मुख्य इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञाने शपथेवर सांगितले, की सर्वांना उठविणारा अलार्म आपोआप वाजू नये असा बांधून ठेवलेला होता. खोट्या हाकांनी लोकांना पहाटे तीनला जागे करावयाचे नव्हते. खाली दिवा लागे. घंटा वाजविणे माणसाच्या हाती ठेवले होते. तराफ्याच्या मालकांनी ही रचना हेतुपूर्वक व नियमाला धरूनच केली होती असे म्हटले. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यापुरता बोध उरतो: बंद करणे हीसुद्धा बिघाडासारखीच सतत दिसणारी स्थिती असली पाहिजे. ज्या पॅनेलात सोय आहे तेथे 'चार तासांनी आपोआप चालू हो' अशी आज्ञा द्यावी. नसेल तेथे टेबलावरच्या वहीत कोणी, कशासाठी, किती वाजेपर्यंत बंद केले, हे लिहून सही घ्यावी.

आणि शेवटचा बिघाड म्हणजे पॅनेलचाच मृत्यू. मेलेला माणूस 'मी मेलो' म्हणून कसा सांगणार? येथे रॉबिन्सनची युक्ती पुन्हा उपयोगी पडते. चांगल्या पॅनेलात बिघाडाची बातमी बाहेर नेणारा रिले, सारे ठीक असताना, विजेने ओढून धरलेला असतो. बिघाड झाला की पॅनेल त्याला सोडून देते. आता वीज गेली, बॅटरीही संपली, पेटी पार काळी पडली, तर त्याला धरून ठेवणारेच कोणी राहात नाही. तो आपोआप सुटतो आणि बाहेरच्या दिव्याला किंवा संदेशयंत्राला बातमी मिळते. मात्र ते संदेशयंत्र निराळ्या विजेवर चालणारे हवे. नाही तर दोघे बरोबरच मरतील.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बिघाडाच्या आज्ञा भरताना काय करावयाचे नाही, तेही पक्के करावे लागते. बिघाड झाला म्हणून मजल्यांवरचे हूटर वाजता कामा नयेत, लिफ्ट तळमजल्यावर येऊन अडकता कामा नये, पाण्याचा पंप सुरू होता कामा नये. ही सारी आगीची कामे आहेत. दोन याद्यांची सरमिसळ झाली की लोकांचा घंटेवरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळविणे बॅटरी बदलण्याइतके सोपे नसते.

आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे इमारतीतली ही साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, आणि ती चालू असल्याचा दाखला, ज्याला सारे 'फॉर्म बी' म्हणतात, परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. कायदा चांगला आहे. पण दाखला वर्षातून दोन दिवसांचा. पॅनेल उरलेले ३६३ दिवसही काही तरी सांगत असते.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपण एवढेच करावे. लिफ्टचे बटण दाबण्याआधी पॅनेलसमोर अर्धा मिनिट उभे राहावे. पिवळा दिवा आहे काय? असला तर केव्हापासून? पडद्यावरचे शब्द आपल्याला कळतात काय? बझर बंद केला तर पुन्हा वाजतो काय? संदेश कोणाच्या फोनवर जातो, आणि ते गृहस्थ अजून येथेच राहतात काय? टोकाचा रोधक खरोखर टोकाला आहे काय, हे पुढच्या तपासणीत एक डिटेक्टर काढून आपल्यासमोर दाखविण्यास सांगावे. पॅनेलने तीन-चार मिनिटांच्या आत तक्रार केली तर उत्तम, न केली तर तक्रार आपण करावी. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

लाल दिवा आपल्याला धावावयास सांगतो. पिवळा दिवा केवळ पाहावयास सांगतो, आणि तेही सवड असताना. आग लागल्यावर शहाणपणाला फार थोडी मिनिटे मिळतात. पिवळा दिवा आपल्याला दिवस देतो, आठवडे देतो. कधी कधी, त्या गृहसंकुलासारखे, महिनेही देतो. तेवढ्या अवधीत एका माणसाने विचारले असते, "हा का वाजतो आहे?", तरी पुरे झाले असते.